दोन मिनिटांची कोठडी

आइस हॉकीच्या रिंकवर, संघांच्या बाकांच्या समोरच्या बाजूला, काचेआड एक अरुंद जागा असते, पेनल्टी बॉक्स. नियम मोडणाऱ्या खेळाडूला रेफरी तिथे पाठवतो. स्टिक पायात घालून पाडलं, धरून ठेवलं, स्टिकच्या वाकड्या टोकाने मागे खेचलं तर दोन मिनिटं. स्टिक उंच जाऊन तोंडाला लागली आणि रक्त आलं तर चार. प्रकरण मुद्द्यावरून गुद्द्यावर गेलं तर पाच. तेवढा वेळ त्याच्या संघाने सहसा एक गडी कमी घेऊन खेळायचं. मोठ्या फलकावर सेकंद उलटे मोजले जातात, प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखे काचेवर थापा मारून त्याला हिणवतात, आणि तो स्टिक गुडघ्यांत धरून समोरचा खेळ बघत बसतो. वेळ भरली की दार उघडतं, खेळाडू बर्फावर झेपावतो आणि त्या क्षणापासून पकवर, म्हणजे खेळातल्या चकतीवर, त्याचा हक्क इतर कुणाहीइतकाच असतो. प्रो कबड्डीतलं पिवळं कार्ड किंवा मैदानी हॉकीतलं हिरवं कार्ड आपल्याकडच्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. तिथेही दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. पण तिथे तो अधूनमधून घडणारा प्रसंग. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, पेनल्टी बॉक्स अखेरपर्यंत रिकामाच राहिला असा सामना शोधावा लागतो.

या शिक्षांची फौजदारी न्यायव्यवस्थेशी तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो आणि ती बहुधा विनोदावर संपते. प्रत्यक्षात ती गंभीरपणे करण्यासारखी आहे. गुन्ह्यांची लेखी संहिता, गांभीर्यानुसार चढत जाणारी शिक्षा, जागच्या जागी निकाल देणारा पंच, मोठ्या प्रकरणांसाठी वरचं न्यायासन, सराईतांचा वेगळा हिशेब, हे सगळं तिथे आहे. शिवाय जगातल्या बहुतेक न्यायव्यवस्थांना न जमलेली एक गोष्ट तिथे रोज घडते: शिक्षा गुन्ह्यानंतर थोड्याच वेळात सुरू होते आणि ठरल्या क्षणी संपते. माझं म्हणणं असं आहे की, हे तिथे जमतं याचं मुख्य कारण शिक्षेचा लहानपणा. लहान शिक्षा लगेच देता येते, लगेच मिळणाऱ्या शिक्षेची खात्री वाटते, आणि खात्री असली की माणसं सहसा कायदा हातात घेत नाहीत. या साखळीतली कडी निखळली की काय होतं, तेही हॉकीनेच दाखवून दिलं आहे.

आधी मापाचा प्रश्न घेऊ. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध ४४ सेकंदांत तीन गोल केले. त्या वेळी बोस्टनचे गडी पेनल्टी बॉक्समध्ये होते, आणि तेव्हाच्या नियमानुसार गोल झाला तरी शिक्षेची पूर्ण मुदत भरावीच लागे. किरकोळ चुकांची किंमत तीन गोल, हा हिशेब लीगला पटला नाही. १९५६ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून दोन मिनिटांच्या शिक्षेत प्रतिस्पर्ध्याने गोल केला की कोठडीचं दार लगेच उघडतं. पाच मिनिटांच्या शिक्षेला ही सूट नाही. तिथे कितीही गोल झाले तरी मुदत भरायचीच. या दुरुस्तीमागे शिक्षेचं एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे. किरकोळ गुन्ह्यात नुकसान भरून निघालं की शिक्षेचं काम संपलं. गुन्हेगाराने आणखी काही काळ यातना भोगल्याने कुणाचंच भलं होत नाही. मोठ्या गुन्ह्यात मात्र भरपाईच्या जोडीला निषेधही हवा, म्हणून तिथे घड्याळ थांबत नाही. दंडित संघाचाही विचार नियमांनी केला आहे. एरवी आपल्या अर्ध्या भागातून पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून दिला तर खेळ थांबतो. गडी कमी असलेल्या संघाला ती मुभा असते. कितीही जण एकाच वेळी दोषी ठरले तरी गोलरक्षकाखेरीज तीन खेळाडू बर्फावर राहतातच, उरलेल्यांच्या शिक्षा रांगेत थांबतात. शिक्षा झालेल्यालाही खेळता आलं पाहिजे, ही मर्यादा तिथे कुणाला उपकार वाटत नाही.

भरपाईची ही बाजू फौजदारी कायद्याला अवघड जाते. हॉकीत ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच संघाला पॉवर प्लेचा, म्हणजे एक गडी जास्त असण्याचा फायदा मिळतो. रेफरीने हात वर केल्यावरही, दोषी संघाचा पकवर ताबा येईपर्यंत खेळ चालू राहतो; अन्याय झालेल्याची चालून आलेली संधी शिट्टीमुळे वाया जाऊ नये म्हणून. न्यायालयात मात्र खटला सरकार विरुद्ध आरोपी असा उभा राहतो, दंड एरवी सरकारी तिजोरीत जमा होतो आणि ज्याचं नुकसान झालं तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुरता उरतो. भारतात पीडितांना भरपाई देण्याची स्वतंत्र योजना फौजदारी प्रक्रिया संहितेत आली ती २००८च्या दुरुस्तीने, म्हणजे १९७३ची संहिता झाल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

आता वेगाचा प्रश्न. रेफरी क्षणार्धात निकाल देतो. वकील नाही, साक्षीपुरावा नाही, संशयाचा फायदा नाही. एवढा उघडावाघडा न्याय आपण सहन का करतो? कारण तो चुकला तर जाणारी किंमत आटोक्यात असते. पॉवर प्लेमध्ये गोल होण्याचं प्रमाण साधारण पाचात एक आहे. म्हणजे चुकीच्या निकालाची किंमत सरासरीने एका गोलाचा पाचवा हिस्सा. शिक्षा जसजशी वाढत जाते तसतशी हॉकीतही प्रक्रिया वाढत जाते, आणि हेच या व्यवस्थेचं खरं शहाणपण आहे. २०१९-२०च्या हंगामापासून मारामारी वगळता पाच मिनिटांची प्रत्येक शिक्षा रेफरींना चित्रफितीवर पुन्हा तपासावी लागते. सामनाबंदीचा विषय असेल तर प्रकरण २०११ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडू सुरक्षा विभागाकडे जातं. तिथे खेळाडूची बाजू ऐकली जाते आणि शिक्षा का दिली हे चित्रफितीसह जाहीरपणे समजावून सांगितलं जातं. बंदी पाचपेक्षा जास्त सामन्यांची होण्याची शक्यता असेल तर समक्ष सुनावणीचा हक्क आहे. सहा किंवा अधिक सामन्यांच्या बंदीवर लीगच्या आयुक्तांकडे आणि पुढे तटस्थ लवादाकडे दाद मागता येते. दोन मिनिटांसाठी शिट्टी पुरते, अर्ध्या हंगामासाठी सुनावणी लागते. प्रक्रियेचं वजन शिक्षेच्या वजनाइतकं ठेवलेलं आहे.

न्यायालयांत हा ताळमेळ नेमका उलटा बसतो. अमेरिकन अभ्यासक माल्कम फीली यांनी न्यू हेवन शहरातल्या कनिष्ठ फौजदारी न्यायालयाचा अभ्यास करून १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीला खरी झळ बसते ती प्रक्रियेची, असा त्याचा निष्कर्ष. जामिनाची तजवीज, बुडालेले रोजगार, वकिलाची फी, तारखांवर तारखा, हे सगळं मिळून शेवटी होणाऱ्या शिक्षेपेक्षा जड भरतं. आपल्याकडे हे चित्र कितीतरी गडद आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता, पण कोठडी सुरू झालेली होती. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडायचं असतं. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश मुदतीनंतर. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण निकालाआधीच निम्मी शिक्षा भोगून होऊ शकते हे कायद्याने गृहीत धरल्याची ती कबुलीही आहे.

तिसरी कडी खात्रीची. मिलानच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये मांडलं की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती अटळ असण्याने. दोनशे वर्षांनी, १९६८ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी त्याला गणिती रूप दिलं: माणूस पकडलं जाण्याची शक्यता आणि शिक्षेचा जाच या दोहोंचा मिळून हिशेब करतो. हा सिद्धान्त समाजात तपासणं कठीण, कारण जिथे गुन्हे जास्त तिथेच पोलीसही जास्त असतात आणि कारण कोणतं, परिणाम कोणता हे वेगळं काढता येत नाही. म्हणून अभ्यासक खेळाकडे वळले. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत पंच दोनाचे तीन झाल्यावर फाउलची संख्या ३४ टक्क्यांनी घटली, असं मॅकॉर्मिक आणि टॉलिसन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. पहारा वाढला आणि गुन्हे कमी झाले, बेकर यांच्या भाकितासारखंच. मग १९९८-९९ मध्ये एनएचएलने काही सामने एका रेफरीवर आणि काही दोन रेफरींवर खेळवले. अभ्यासकांना आयता प्रयोगच मिळाला. पण इथे उत्तर सरळ आलं नाही. स्टीव्हन लेव्हिट यांना दुसऱ्या रेफरीमुळे गुन्हे पकडले जाण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. हेकेलमन आणि येट्स यांना पकडले जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण त्याच्या धाकाने खेळाडू सुधारल्याचं दिसलं नाही.

या निकालांतून शिक्षेचा धाक हे थोतांड आहे असा अर्थ काढणं घाईचं होईल. वेगाने सरकणाऱ्या दहा जणांच्या गर्दीत स्टिक आडवी जाते ती पुष्कळदा क्षणाच्या भरात. तिथे हिशेब करायला उसंत नसते. आणि बघणाऱ्यांची संख्या वाढली तरी गुन्हा कशाला म्हणायचं याचा मापदंड सैलच असेल, तर खात्री वाढत नाही. मापदंड बदलला की काय होतं ते २००५-०६ मध्ये दिसलं. आदल्या वर्षीचा पूर्ण हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला होता. परतल्यावर लीगने रेफरींना बजावलं की ओढणं, धरणं, अडवणं यांतलं काहीही सोडायचं नाही. त्या हंगामात प्रत्येक संघाला सामन्यामागे जवळपास सहा पॉवर प्ले मिळाले. पुढच्या वर्षांत हा आकडा उतरत तीनच्या आसपास आला. खेळाडूंनी नवी शिस्त अंगवळणी पाडली हे त्याचं एक कारण. रेफरींचा हात पुन्हा सैल झाला हे टीकाकारांनी दाखवलेलं दुसरं. दोन्ही खरी असावीत. नियम न बदलता केवळ त्याच्या अंमलाने खेळाचं रूप पालटतं, एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं.

हॉकीची व्यवस्था जिथे अप्रामाणिक होते ती जागाही हीच. २३ मार्च २०२१ रोजी नॅशव्हिल आणि डेट्रॉइट यांचा सामना चालू होता. नॅशव्हिलच्या खेळाडूला पाडापाडीबद्दल दोन मिनिटं मिळाली. चित्रफितीत तो गुन्हा जेमतेमच दिसत होता. काही क्षणांतच रेफरी टिम पील यांचा चालू राहिलेला माइक घरोघरी ऐकू आला: तसं फार काही नव्हतं, पण नॅशव्हिलविरुद्ध लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती, अशा अर्थाचं ते बोलून गेले. दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केलं की पील यापुढे सामन्यात दिसणार नाहीत. महिन्याभरात ते निवृत्तच होणार होते. गंमत अशी की, त्यांच्या बोलण्याने ओशाळलेली लीग सोडली तर आश्चर्य फारसं कुणाला वाटलं नाही. एका संघाला ओळीने दोन-तीन पेनल्ट्या मिळाल्या की पुढची दुसऱ्या संघाच्या माथी येण्याची शक्यता वाढते, हे अनेक हंगामांच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी आधीच दाखवलं होतं. बरोबरीतल्या सामन्याच्या अखेरीस, विशेषतः बाद फेरीत, शिट्टी गप्प होते हेही सर्वांना ठाऊक आहे. रेफरीची बाजू घेणारे म्हणतात, सामना हाताबाहेर जाऊ नये यासाठी तारतम्य लागतंच, पोलीसही ते बाळगतात. खरं आहे. पण तारतम्य समोरच्या गुन्ह्यापुरतं असावं. मघाशी त्याला शिक्षा केली म्हणून आता तुला करतो, हे तारतम्य राहत नाही. ती बेरीज-वजाबाकी होते. आणि ज्याला हे कळतं तो नियम पाळण्याऐवजी रेफरीची वही वाचायला लागतो.

रेफरीवरचा विश्वास उडतो तिथे बदला शिरतो. एनएचएलमध्ये मारामारीला १९२२ पासून मैदानाबाहेर हाकलण्याऐवजी पाच मिनिटांची शिक्षा आहे, आणि दोघेही भिडले तर दोघेही आत जातात, त्यामुळे संघांचं संख्याबळ समसमानच राहतं. म्हणजे मारामारीची संघाला किंमत अशी काही पडत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यासाठी थेट बाहेरचा रस्ता दाखवला जातो. एनएचएलने मात्र खाजगी न्यायाला परवाना दिल्यासारखं केलं. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी दुखावलं तर जाब विचारणारा गडी प्रत्येक संघ बाळगू लागला. ७ मार्च २०१० रोजी पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सव्हार्डला नजरेच्या टप्प्याबाहेरून येऊन डोक्यावर खांदा मारला. सव्हार्डच्या मेंदूला जबर मार बसला. अशी धडक बेकायदा ठरवणारा नियमच तेव्हा नव्हता, म्हणून लीगने कुकला शिक्षा केली नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येही हेच तत्त्व आहे: कृत्य घडलं तेव्हा ते गुन्हा नसेल तर नंतर शिक्षा नाही. लीगचा निर्णय न्याय्य होता आणि त्याच महिन्यात तिने नवा नियमही आणला. पण ११ दिवसांनी पिट्सबर्गचा संघ बोस्टनमध्ये आला तेव्हा बोस्टनच्या शॉन थॉर्नटनने सुरुवातीलाच कुकला गाठून मारामारी केली आणि प्रेक्षकांनी ती मिटलेल्या हिशेबासारखी साजरी केली.

बोस्टनमध्ये निदान दोघं समोरासमोर होते. व्हँकुव्हरमध्ये त्याआधी सहा वर्षं तेवढंही उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २००४ रोजी कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नॅस्लंड याला धडक दिली. रेफरीने शिक्षा दिली नाही आणि लीगनेही धडक नियमात बसते असं ठरवलं. व्हँकुव्हरच्या खेळाडूंना ते मान्य नव्हतं. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भेटले. पहिल्या सत्रात मॅट कुकने, याच कुकने, मूरशी मारामारी केली. खेळातल्या अलिखित संकेताप्रमाणे प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. तिसऱ्या सत्रात कोलोराडो मोठ्या आघाडीवर असताना टॉड बर्टुझी मूरच्या मागे मागे फिरला, त्याला भिडायला चिथावत राहिला, मूर वळत नाही असं पाहून त्याचा शर्ट मागून धरला, डोक्याच्या बाजूला ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधी एनएचएलमध्ये खेळला नाही. खाजगी न्यायाला माप नसतं आणि शेवट नसतो, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार? कोठडीत घड्याळ असतं. बदल्यात कुठली फेड पुरेशी हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि दुखावलेल्या माणसाला एकदाची फेड सहसा पुरत नाही.

अशा वेळी खरं न्यायालय रिंकमध्ये येतं, आणि तिथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. खेळाडू स्वेच्छेने उतरतो, धोका पत्करतो, मग खेळातल्या शिक्षेची फौजदारी शिक्षेशी तुलना कशी करायची? कॅनडातल्या न्यायालयांनी या प्रश्नाशी शतकभर झुंज घेतली आहे. १९०५ मध्ये ओंटारियोतल्या मॅक्सव्हिल इथे सामन्यात स्टिकच्या फटक्याने अल्सीद लॉराँ हा खेळाडू मेला. अ‍ॅलन लोनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि ज्युरीने त्याला सोडलं. १९६९ मध्ये ओटावातल्या सराव सामन्यात टेड ग्रीनची कवटी फुटली. तो आणि वेन माकी दोघांवरही हल्ल्याचा खटला झाला आणि दोघेही सुटले. फेब्रुवारी २००० मध्ये मात्र बोस्टनच्या मार्टी मॅकसॉर्लीने सामना संपायला तीन सेकंद उरले असताना व्हँकुव्हरच्या डोनल्ड ब्रॅशियरच्या डोक्यात मागून स्टिक घातली. मॅकसॉर्लीचं म्हणणं होतं की नेम खांद्यावर होता, ब्रॅशियरला भिडायला भाग पाडायचं होतं. न्यायाधीश विल्यम किचन यांनी ते मानलं नाही. फटका डोक्यावरच मारला होता असं ठरवून त्याला शस्त्रानिशी हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं. शिक्षा काय, तर १८ महिन्यांची सशर्त मुक्तता आणि ब्रॅशियर विरुद्ध संघात असेल तर खेळायचं नाही अशी अट. बर्टुझीने गुन्हा कबूल केला. त्यालाही सशर्त मुक्तता, वर्षभराची परिवीक्षा आणि ८० तास समाजसेवा मिळाली. न्यायालयांनी संमतीची मर्यादा आखली: खेळाच्या ओघात येणाऱ्या धोक्याला होकार असतो, मागून डोक्यात घातलेल्या स्टिकला नसतो. आक्षेपाला उत्तर इथेच आहे. संमतीने रिंकचा कायदा वेगळा होतो, शिक्षेचं तर्कशास्त्र वेगळं होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दोन मिनिटं ही शिक्षा आहे की किंमत? गोल होणार हे दिसत असताना बचावपटू समोरच्याला मुद्दाम पाडतो, निमूटपणे आत जातो आणि प्रशिक्षक त्याची पाठ थोपटतो. फिलाडेल्फिया फ्लायर्सने तर हे धोरणच केलं होतं. त्यांचा डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५च्या हंगामात ४७२ मिनिटांच्या शिक्षांचा धनी ठरला, आणि संघाने १९७४ व १९७५ मध्ये ओळीने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली चषक जिंकला. दंड परवडतो त्याच्यासाठी तो करासारखा असतो, ही टीका वाहतुकीच्या दंडालाही लागू पडते. पण हॉकीने त्यावर काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. सरळ गोलाकडे निघालेल्याला मागून पाडलं तर पेनल्टी शॉट, म्हणजे हिरावलेली संधी जशीच्या तशी परत. सराईताची बंदी वाढत जाते; राफी टोरेसला २०१५ मध्ये त्याच्या जुन्या नोंदींमुळे ४१ सामने, म्हणजे निम्मा हंगाम बाहेर बसावं लागलं. आणि तरीही अठरा महिने खेळाडू स्वच्छ राहिला तर बुडणाऱ्या पगाराच्या हिशेबात तो सराईत धरला जात नाही. गुन्ह्याची आठवण ठेवायची, पण कायमची नाही. याउलट अमेरिकेतल्या काही राज्यांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा पूर्ण भोगल्यावरही मताचा हक्क आपोआप परत मिळत नाही. ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये हाच भेद मांडला: लाजवून पुन्हा सामावून घेणारी शिक्षा माणसाला सुधारते, कायमचा डाग लावणारी त्याला गुन्हेगारांच्याच गोटात ढकलते. काचेआड सर्वांसमोर बसवून पुन्हा खेळात घेणारी कोठडी पहिल्या प्रकारातली.

मग हा नमुना न्यायालयात चालतो का? तसा प्रयोग झालेला आहे. हवाईमधले न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ मध्ये पाहिलं की परिवीक्षेवर सोडलेले लोक अटी मोडतात, कितीतरी वेळा त्यांच्याकडे काणाडोळा होतो आणि मग एके दिवशी एकदम काही वर्षांचा तुरुंगवास येतो. त्यांनी पद्धत उलटवली. अमली पदार्थाच्या चाचणीत सापडला किंवा हजेरी चुकवली की ताबडतोब अटक, पण कोठडी मोजक्या दिवसांची. आणि हे प्रत्येक वेळी. २००९ च्या मूल्यमापनात अशा लोकांना नव्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी आढळलं. यावर माझ्या युक्तिवादाला पूर्णविराम देता आला असता. पण पुढे आर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन आणि टेक्सासमध्ये हाच प्रयोग काटेकोरपणे केला गेला, आणि २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

हे अपयश बाजूला सारता येत नाही. त्यातून लहान, झटपट, खात्रीची शिक्षा निरुपयोगी ठरत नाही. ती एकटी पुरत नाही हे ठरतं. आल्म आरोपींना पहिल्याच दिवशी बोलावून, तुम्ही यशस्वी व्हावं अशी आमची इच्छा आहे, असं सांगत आणि नियम समजावून देत. शिक्षेइतकंच शिक्षा देणाऱ्याच्या हेतूबद्दल लोकांना काय वाटतं याला महत्त्व आहे, असं टॉम टायलर यांनी १९९० मध्ये शिकागोतल्या नागरिकांच्या मुलाखतींवरून दाखवलं होतं. हॉकीच्या इतिहासात याचा पुरावा मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर मिळतो. मार्च १९५५ मध्ये मॉरिस रिशारने बोस्टनविरुद्धच्या सामन्यात लाइन्समनला ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लेरेन्स कॅम्बेल, स्वतः वकील आणि कॅनडाच्या युद्धगुन्हे पथकात काम केलेले, यांनी तीनच दिवसांत सुनावणी घेऊन त्याला हंगामाच्या उरलेल्या आणि बाद फेरीच्या सगळ्या सामन्यांतून काढलं. पंचावर हात उचलणाऱ्याला जबर शिक्षा हवीच, असं कुणीही म्हणेल. पण रिशार फ्रेंच भाषकांचा नायक होता आणि कॅम्बेल इंग्रज सत्तेचं प्रतीक. १७ मार्चला कॅम्बेल सामना पाहायला येऊन बसले. प्रेक्षागारात अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, सामना सोडून द्यावा लागला आणि दंगल शहरात पसरली. शिक्षा वेगवान होती, खात्रीची होती. ती देणारा आपला आहे असं मात्र त्या प्रेक्षकांना वाटत नव्हतं. शेवटी शांततेचं आवाहन रिशारनेच रेडिओवरून केलं.

आपल्याकडे कायदा कडक केला ही घोषणा जवळजवळ नेहमी शिक्षेच्या वर्षांत किंवा दंडाच्या रकमेत मोजली जाते. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातले दंड दहापटीपर्यंत वाढले. सीटबेल्ट नसेल तर शंभराचे हजार, परवाना नसेल तर पाचशेचे पाच हजार. गुजरातने लगेच ते कमी केले. महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवून ठेवली, ती सुधारित दरांनी २०२१च्या अखेरीस सुरू झाली. एवढा मोठा दंड लावायला राज्यकर्तेच कचरले, आणि दंड वाढवल्याने त्याची खात्री उलट कमी झाली. याच्या नेमकं उलट दिशेचं एक छोटं पाऊल भारतीय न्याय संहितेत आहे. १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही स्वतंत्र शिक्षा झाली, तीही किरकोळ चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती. ही यादी वाढवायला जागा आहे, पण नुसती वाढवून भागणार नाही. समाजसेवेची शिक्षा चार वर्षांच्या तारखांनंतर मिळणार असेल तर तिच्या लहानपणाचा काहीच उपयोग नाही. किरकोळ गुन्ह्यांचा निकाल आठवड्यांत लागेल एवढी न्यायाधीशांची संख्या, शिक्षा संपल्यावर नोकरीच्या अर्जात ती मागे लागणार नाही याची हमी, आणि आरोपी कोणत्या वस्तीतला आहे हे पाहून हात सैल-घट्ट होणार नाही अशी पोलिसांवरची देखरेख, या तीन गोष्टींना पैसा आणि राजकीय धैर्य लागतं. वर्षं वाढवायला फक्त विधेयक लागतं. म्हणूनच वर्षं वाढत राहतात, आणि कच्चे कैदीही.